निवासखर्च : निरंक

दुसऱ्याच्या मुलांसाठी पैसे मागण्यात माझ्या थोरल्या साडूंचा हात धरणारा माणूस डहाणूपासून विरारपर्यंत सापडायचा नाही. स्वतःसाठी त्यांनी उभ्या आयुष्यात कुणाकडे पेलाभर पाणी मागितलेलं मला आठवत नाही. आमच्या घरी आले तरी तहान लागल्यावर उठतात आणि स्वयंपाकघरात जाऊन आपलं आपण ओतून घेतात. पण कुणाच्या मुलीला संशोधनासाठी हैदराबादला जायचंय, कुणाच्या मुलाला पुढे शिकायचंय आणि घरून जमत नाही, एवढं कानावर पडायचा अवकाश, की साडूसाहेब कामाला लागलेच. शिष्यवृत्त्या, फेलोशिपा, प्रवास-अनुदानं, कुण्या दिवंगत शेठजींच्या नावाने चालणारे ट्रस्ट, सगळं त्यांना तोंडपाठ. लोक पोथी वाचतात तशा ते अटी व शर्ती वाचतात आणि एखादी अट विशेष आवडली तर मान डोलावतात. त्यांच्या शर्टाच्या खिशात परक्या मुलामुलींचे पासपोर्ट आकाराचे फोटो असतात. धुण्याआधी खिसे तपासताना मेहुणीला ते सापडतात. "फोटोंच्या पुडीवर नाव आणि शेवटची तारीख लिहिलेली असते, म्हणून आमचा संसार टिकला," असं ती सांगते.

मासवणच्या एका लग्नात मी त्यांच्याबरोबर होतो. आहेराचं पाकीट देताना ते नवरदेवाच्या कानाशी लागले. आशीर्वाद फार लांबला असं मागच्या रांगेला वाटायला लागलं, तेव्हा मी पुढे झालो. साडूसाहेब सांगत होते, "फेलोशिपचा फॉर्म सुटलाय. मंगळवार शेवटचा. उत्पन्नाचा दाखला जुना चालणार नाही." मंगळवारी तो मुलगा हळदीच्या हातांनी बोईसरच्या झेरॉक्सच्या दुकानात उभा होता, आणि त्याच्या शेजारी नवी नवरी कागद लावून देत होती. ते दोघं आज पुण्याला असतात, दिवाळीला न चुकता फोन करतात.

साडूसाहेब मूळचे साताऱ्याकडचे. तारापूरच्या वीज केंद्रात तीस वर्षं भांडारपाल होते आणि निवृत्तीनंतर बोईसरलाच राहिले. भांडाराच्या खिडकीवर येणारा माणूस दोन लागत असले तर चार मागतो, हे त्यांनी इतकी वर्षं पाहिलेलं. त्यामुळे मागणी दिसली की त्यांचा हात आपोआप लाल पेनाकडे जायचा. मुलांच्या अर्जातला खर्चाचा रकाना ते स्वतः भरत, दुसऱ्याला हात लावू देत नसत. "प्राध्यापक," ते मला म्हणत, "मागणी अशी हवी, की देणाऱ्याला कापायला जागाच उरू नये." म्हणून ते आधीच कापून ठेवत. गाडीभाडं स्लीपरचं, जेवण घरून नेलेलं, मुक्काम कुणातरी ओळखीच्याकडे. आसपासच्या छोट्या ट्रस्टांना हे फार आवडे. इतकं थोडं मागणारा खोटं कशाला बोलेल, असं म्हणून ते देऊन टाकत. आपल्या पद्धतीवर साडूसाहेबांचा विश्वास अशाने वाढतच गेला, आणि खोटं कशाला सांगू, माझाही वाढला.

मग ती आली. पालघरला आमच्या कॉलेजात शिकलेली, तारापूरजवळच्या किनाऱ्यावरची. वडील गेलेले, आई सुके बोंबील घेऊन बोईसरच्या बाजारात बसते. वाळत घातलेल्या मासळीला कीड कशी लागते आणि ती औषध न मारता कशी थांबवता येईल, यावर तिने काम केलं होतं. नॉर्वेतल्या एका परिषदेत तिचा निबंध निवडला गेला. तिथल्या एका बाईंनी तिला लिहिलं होतं की माझ्याकडे पीएच.डी.ची एक जागा आहे, तू आलीस की समोरासमोर बोलून ठरवू. म्हणजे जाणं आलं की सगळंच आलं. मी तिला साडूसाहेबांकडे नेलं. मुंबईच्या एका मोठ्या ट्रस्टचं प्रवास-अनुदान त्यांनी शोधून काढलं आणि आठवडाभर अर्जावर बसले. त्यांच्या एका जुन्या सहकाऱ्याचा पुतण्या त्याच शहरात राहतो, असा शोध लागल्यावर तर त्यांच्या चेहऱ्यावर तेज आलं. निवासखर्च: निरंक. जेवण: सोबत नेणार, निरंक. विमानतळ ते शहर: पुतण्या घ्यायला येईल, निरंक. एकटं विमानाचं तिकीट उरलं, तेही तीन ठिकाणी बदलायचं, सगळ्यात स्वस्त.

"काका, एवढ्यात होईल काय?" तिने विचारलं.

"अगं, देणारा खूश झाला पाहिजे," साडूसाहेब म्हणाले. तिने सही केली. मीही शिफारसपत्र जोडलं आणि मला त्यात काही वावगं दिसलं नाही.

ट्रस्टचं उत्तर आलं ते तिनेच त्यांच्या हॉलमध्ये वाचून दाखवलं. काम उत्तम आहे, पण मांडलेल्या खर्चात हा प्रवास पार पडेल याची समितीला खात्री वाटत नाही, त्यामुळे अर्ज विचारात घेता येत नाही. साडूसाहेबांनी कागद मागून घेतला, पुन्हा वाचला आणि दुसऱ्या दिवशी पहाटेच्या गाडीने मुंबईला गेले. ट्रस्टच्या कार्यालयात ते संध्याकाळपर्यंत बसून होते. चूक माझी आहे, मुलीची नाही, एवढंच सांगायला. तिथल्या बाईंनी चहा दिला आणि सांगितलं की यादी लागली, पुढच्या वर्षी बघू. पण नॉर्वेतल्या जागेला पुढचं वर्ष नव्हतं. परिषदेत जी मुलं प्रत्यक्ष भेटली, त्यांतल्या एकाला ती मिळाली.

तिची आई घरी आली तेव्हा मी तिथेच होतो. मला वाटलं, आता दोन शब्द ऐकवेल. "काका, तुमी जेवत नाय म्हनतात," ती म्हणाली. "असं करू नका. आमी पन कुनाकडे जास्त मागत नाय. मला पन वाटलं, बरोबरच हाय." साडूसाहेब खाली मान घालून बसले होते. त्यांना रडताना मी त्या एकदाच पाहिलं, आणि मला माझीच लाज वाटली, कारण शिकलेला म्हणवणारा मी तो रकाना वाचून गप्प बसलो होतो.

मुलगी आता बोईसरच्या एका कारखान्यात, प्रयोगशाळेत नोकरी करते. घर तिच्यावर आहे. साडूसाहेब तिच्यासाठी जाहिराती काढून ठेवतात, ती वाचते आणि "बघू काका," म्हणते. पण दर रविवारी ती येते आणि इतर मुलांच्या अर्जातला खर्चाचा रकाना तीच भरते. राहणं, खाणं, थंडीचे कपडे, आजारपण, सगळं पुरतं मागते. साडूसाहेब शेजारी बसून कागदांना टाचण्या मारतात आणि त्या रकान्याकडे बघत नाहीत.

मागच्या महिन्यात त्यांच्याकडची एक मुलगी, वाणगावची, तशाच अनुदानावर जर्मनीला निघाली. मुंबईच्या विमानतळावरून तिचा फोन आला, तेव्हा रविवारचे अर्ज भरायला आलेली आमची किनाऱ्यावरची मुलगी, साडूसाहेब आणि मी असे तिघं हॉलमध्ये होतो. साडूसाहेबांनी दोन शब्द बोलून फोन तिच्याकडे दिला. तिने कागदपत्रं नीट ठेवलीस ना विचारलं, स्वेटर हातातल्या पिशवीत ठेव म्हणून सांगितलं. मग हळूच म्हणाली, "खिडकीची जागा हाय काय गं? वर गेल्यावर आपला किनारा दिसतो काय, तेवढं बघून सांग मला."

साडूसाहेब उठून आतल्या खोलीत गेले. बराच वेळ ते बाहेर आले नाहीत, आणि त्यांना हाक मारायचा धीर मला झाला नाही.