पुरणाने फुगलेला बैल

“मेला,” बुढ्याचा पोरगा म्हणाला.

“मेला असता तं आत्ता मले लाथ मारली असती का?” मी म्हणाले. “तोंड बंद ठेव आणि धरू लाग.”

तांबडा बैल आपल्याच अंगणात आडवा पडला होता. पाय ताठ, जीभ बाहेर, शिंगांना अजून बेगड चिकटलेलं, पाठीवरची झूल घसरून चिखलात गेलेली. डावी कूस पाठीच्या कण्याच्याही वर फुगून आली होती. बोटाने वाजवली तर ढोलकीसारखी वाजत होती. मी त्या कुशीवर दोन्ही मुठी रोवल्या होत्या आणि मुठी आत जात नव्हत्या. बुढा, म्हणजे बैलाचा मालक, त्याचं डोकं मांडीवर घेऊन बसला होता. भोवती आमची टोली, म्हणजे सगळी वस्ती, जमलेली. बैलाची ही गत ज्यांनी केली ते सगळे हजर होते आणि प्रत्येकजण दुसऱ्याकडे बोट दाखवत होता.

पोळ्याचा दिवस होता. दिवस बुडायला आला होता. जनावरांच्या डॉक्टरला फोन लागला होता आणि तो लाखांदुराहून गाडीवर निघाला होता. म्हणजे तो येईपर्यंत बैलाचं पोट माझ्या हाताखाली होतं.

मी जनावरं चोळते. शाळा चौथीपर्यंत झाली, पुढे हातांनीच काम केलं. आधी बाळंतिणी आणि लेकरं चोळत होते. मग बाळंतिणी दवाखान्यात जायला लागल्या आणि घरी येताना नर्सने सांगितलेलं ऐकून यायला लागल्या. मला वाईट वाटलं नाही. बाळंतीण चोळायची म्हणजे तिच्या सासूचं गाऱ्हाणंही चोळायचं. एका दुपारी शेजारणीच्या शेळीचा पाय आखडला होता, तो चोळला. शेळी एका शब्दाने बोलली नाही. तेव्हापासून माणसं कमी केली.

जनावर चोळताना दुखतं तिथून सुरुवात करायची नसते. आधी हात हुंगू द्यायचा. मग मानेवर सपाट तळवा ठेवून गप्प उभं राहायचं. त्याला कळू द्यायचं की ही बाई सुई टोचायला आलेली नाही. मग मोहाच्या बियांचं तेल कोमट करून खांद्यापासून मागे मागे जायचं. गाठ लागली की तिच्यावर जोर नाही करायचा, तिच्या कडेकडेने फिरायचं. कान सैल पडले, खालचा ओठ लोंबला, एक लांब श्वास सोडला, की समजायचं काम झालं. म्हशीला हे लवकर कळतं. गाईला मान फार, ती आधी नखरे करते. बकरा सगळ्यांत मूर्ख, तो चोळता चोळता तेल चाटतो.

घोडीही चोळली आहे. साकोलीकडचा एक वरातीचा घोडीवाला तिला घेऊन आला होता. घोडी खोगीर घालू देत नव्हती, पाठीला हात लावला की झटका मारायची.

“हिले काय झालं, मोठीमाय?” तो म्हणाला. इकडची पोरं मला मोठीमायच म्हणतात.

“हिले काही नाही झालं. नवरदेव जड होऊन राहिले.”

“मंग मी काय नवरदेव तोलून घेऊ?”

“मुलावाले सगळं तोलून घेतात, तू नवरदेव तोलून घे.”

मी तिच्या कण्याच्या दोन्ही बाजूंनी हळूहळू बोटं फिरवली तर ती जांभया द्यायला लागली. एकामागून एक, डोळे उलटे करून. घोडीवाला घाबरला, घोडी मरते म्हणाला. आखडलेलं अंग सुटलं की घोडा जांभया देतो, हे मला तरी कुठे माहीत होतं. पण मी माहीत असल्यासारखी उभी राहिले. या धंद्यात एवढं यावंच लागतं.

थंडीच्या दिवसांत शंकरपटाच्या शर्यतीचे बैलवाले येतात. त्यांना वाटतं मी चोळल्यावर बैल उडेल. मी सांगते, बाबा, मी चोळते, पळायचं त्याचं तो बघेल. हरले की मला दोष, जिंकले की महादेवाची कृपा.

तर पोळा. पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी बैलाचे खांदे शेकायचे, ही आमच्याकडची रीत. वर्षभर जू वाहून खांद्याला घट्टे पडतात. त्यावर तूप आणि हळद लावायची, पळसाच्या पानाने दाबत शेकायचं आणि बैलाला सांगायचं, आज आवतण घ्या, उद्या जेवायला या. दुसऱ्या दिवशी तोरणाखाली बैल उभे करायचे, झडत्या, म्हणजे पोळ्याची गाणी, म्हणायच्या, तोरण तुटलं की बैल घरोघरी न्यायचे. घरची बाई पाय धुते, ओवाळते आणि पुरणाची पोळी भरवते.

पूर्वी आमच्या टोलीत घरटी जोडी होती. ज्याचा बैल त्याच्या घरी जेवायचा, फार तर शेजारी एखादा घास. आता दारोदार ट्रॅक्टर नाही तर भाड्याचा ट्रॅक्टर. ट्रॅक्टरला हळद लावून पाहिली लोकांनी. एका घरी तर त्याच्या पुढच्या चाकाला ओवाळलं. पण ट्रॅक्टर पोळी खात नाही. त्यामुळे सगळ्या टोलीचा पोळा बुढ्याच्या एका जोडीवर येऊन पडला. एक तांबडा, एक पांढरा.

पांढरा तापट. त्याच्यासमोर ताट धरलं की ताट आकाशात. मला सोडून कोणाला तो खांद्याला हात लावू देत नाही, आणि मलाही तो उपकार केल्यासारखा देतो. तांबडा गरीब. कोणीही या, गळ्यात हात टाका, फोटो काढा, तोंडात काहीही कोंबा. नाही म्हणणं त्याच्या स्वभावात नाही. त्यामुळे त्या दिवशी प्रत्येक घरी पांढऱ्याला लांबूनच नमस्कार झाला आणि त्याच्या वाटणीची पोळीही तांबड्याच्या तोंडात गेली. पोळी, भात, वडे, वरून गूळ. प्रत्येक घराने थोडंच दिलं. अशी थोडी थोडी सगळी टोली त्याच्या पोटात गेली. वर्षभर तणस, म्हणजे धानाचा पेंढा, खाणारं जनावर ते, त्याच्या पोटाला पुरण पचत नाही, ते आंबतं आणि वारा धरतं. माझ्या घरून काही गेलं नाही, कारण माझ्या सुनेने त्या दिवशी पुरण जाळलं होतं. त्या घरात तिच्या हातून झालेलं हे एकच पुण्य.

आता बुढ्याचं काय अडलं होतं, ते सांगते. त्याच्या पोराला जोडी विकायची होती. ट्रॅक्टर दारात असताना दोन तोंडं फुकट कशाला पोसायची, हे त्याचं म्हणणं, आणि ते खोटंही नव्हतं. बुढ्याने भांडून, न जेवता बसून, शेवटी कबूल करून घेतलं होतं की जोडी तोरणाखाली उभी राहते तोपर्यंत राहील. जोडी. एक मेला तर दुसरा एकटा पडतो, आणि एकट्या बैलाला जो विकत घेतो तो नांगराला जुंपायला घेत नाही, हे पोराला, बुढ्याला आणि मला, तिघांनाही ठाऊक होतं. म्हणून तांबडा अंगणात पडला असताना बुढा गोठ्यात बांधलेल्या पांढऱ्याकडे वळून वळून बघत होता.

“वयनी, वाचते ना?” बुढा मला म्हणाला.

“रडायचं असन तं तिकडे जाऊन रड, भाऊजी. याच्या नाकात पाणी जाऊन राहिलं.”

तेवढ्यात कोणीतरी तेलाची बाटली घेऊन आलं, बैलाच्या घशात ओतायला. दुसरा म्हणाला ताक पाजा. तिसऱ्याने ताबीज आणला. पोराने फोन माझ्या कानाला लावला. पलीकडे डॉक्टर गाडीवरून ओरडत होता, वाऱ्यात अर्धं ऐकू येत होतं. पण एक नीट ऐकलं. आडव्या पडलेल्या बैलाच्या घशात काही ओतू नका, ते फुप्फुसात जाईल. आधी त्याला छातीवर बसवा, पुढचा भाग उंच करा.

“ऐकलं का?” मी तेलवाल्याला म्हणाले. “ते तेल घरी नेऊन वडे तळ. अजून कोणी उपाशी असन तं.”

बैलाला छातीवर बसवणं म्हणजे घर उचलण्यासारखं. पण माणसं पुष्कळ होती आणि सगळ्यांचं मन त्यांना खात होतं, त्यामुळे जोर बरा लागला. एका बाजूने दोर, दुसऱ्या बाजूने खांदे. पोराची नवी पँट गुडघ्यापर्यंत चिखलात गेली, तेव्हा मला तो पहिल्यांदा बुढ्याचा पोरगा वाटला. बैल बसता झाला. पुन्हा कलंडू नये म्हणून दोन्ही कुशींना धानाने भरलेले कट्टे लावले आणि छातीखाली तणसाचे पेंढे. कडुलिंबाची काडी त्याच्या जबड्यात आडवी देऊन शिंगांना बांधली, म्हणजे तो ती चघळत राहतो आणि ढेकर यायला वाट मिळते.

मग मी डाव्या कुशीला लागले. शेवटची बरगडी आणि खुब्याचं हाड यांच्या मधला तो खड्डा. चांगल्या बैलाच्या तिथे मूठ ठेवली की आतून पोट फिरताना कळतं, जसं नदीच्या तळाशी काहीतरी मोठं कूस बदलतं. थोड्या थोड्या वेळाने आतून एक ढकल येते आणि मूठ उचलली जाते. तांबड्याच्या कुशीत काहीच फिरत नव्हतं. नुसता ताण. मी मूठ दाबायचे, त्याच्या श्वासाबरोबर सोडायचे, पुन्हा दाबायचे. घाई केली तर आतडं दुखतं आणि बैल अजून आवळून घेतो. माझे खांदे भरून आले. म्हाताऱ्या बाईचे खांदे, त्यांना कोण तूपहळद लावते.

“मी करू का?” बुढ्याची सून म्हणाली.

“कर. पण पोळी लाटल्यासारखं नको करू. कणीक मळल्यासारखं.”

तिने केलं. बरं केलं. दोघी आलटून पालटून लागलो.

बैलाचे कान गार पडायला लागले होते. श्वास आखूड झाला होता, मान लांब करून तोंडाने ओढत होता. बुढा ते कान तळव्यांत धरून चोळायला लागला.

डॉक्टर आला तो पावसात भिजलेला, बुटात पाणी. तरुण पोरगा. त्याने कूस वाजवून पाहिली, डोळ्याची पापणी उलटून पाहिली आणि बॅगेतून लांब रबरी नळी काढली.

“आधी नळी टाकतो. नळीने नाही झालं तर कुशीत भोक पाडावं लागेल. आजी, तुम्ही हात काढू नका. मी सांगेन तेव्हा जोर द्या.”

“भोक पाडल्यावर जगते?” बुढ्याने विचारलं.

“कधी जगतो.” डॉक्टरने खोटं सांगितलं नाही, हे मला आवडलं.

नळी तोंडातून आत गेली. अर्ध्यात अडली. त्याने मागे घेतली, फिरवली, पुन्हा सरकवली. काही नाही. नळीत फेस भरला होता. त्याने फुंकून फेस सोडवला आणि मला म्हणाला, दाबा. मी दाबलं. माझ्या बाजूला बुढ्याची सूनही दाबत होती. काही नाही. त्याने नळीतून औषध सोडलं, म्हणाला फेस बसू द्या, तुम्ही चोळत राहा. आम्ही चोळत राहिलो. त्याने बॅगेतून भोक पाडायचं हत्यार काढून कपड्यावर ठेवलं. बुढ्याने ते बघितलं आणि तोंड फिरवलं.

मग माझ्या मुठीखाली काहीतरी हललं. इतकं बारीक की मला वाटलं माझाच हात थरथरला. मी सुनेला हात काढायला लावला आणि एकटीची मूठ ठेवून थांबले. पुन्हा आलं. आतून ढकल आली आणि मूठ उचलली.

“फिरलं,” मी म्हणाले.

“दाबा,” डॉक्टर म्हणाला.

जे बाहेर आलं ते लिहिण्यासारखं नाही, पण लिहिते. नळीतून आधी फुसफुस, मग असा वारा सुटला की समोर वाकून बघणाऱ्या तेलवाल्याची टोपी उडाली आणि तो मागे बसला. आंबलेलं पुरण, गूळ, भात, वडे, सगळ्या टोलीचा स्वयंपाक एका वासात. बायांनी पदर नाकाला लावले. ज्यांनी हौसेने भरवलं होतं त्या सगळ्यांनी तो वास घेतला. मला फार बरं वाटलं. कूस हळूहळू खाली बसत गेली, जसा उतू आलेला भात चूल विझवल्यावर बसतो. माझी मूठ आत गेली, मनगटापर्यंत.

डॉक्टरने सुया दिल्या. आज काही खायला नाही, उद्या फक्त तणस, थोडी थोडी. कोणी पोळी आणली तर माझं नाव सांगा, म्हणाला. बुढा म्हणाला, कोणी पोळी आणली तं मी पांढऱ्याले सोडून देतो.

सकाळी मी गेले तेव्हा तांबडा उभा होता. मागचे पाय कापत होते. मी कोमट तेल घेऊन त्याच्या मांड्या चोळल्या, कारण पडून राहिलेल्या बैलाचं मागचं अंग आधी जातं. तो रवंथ करत होता. पोरगा गोठ्यात शेण काढत होता. मला बघून म्हणाला, “मोठीमाय, आता विकायचा विषय काढू नको म्हणतो बुढा.”

“मंग?”

“मंग काय. नाही काढत.”

तांबडा जगला. तो जगला म्हणून पांढराही जगला.