लेबल काढलेल्या बाटल्या

आमच्या अपार्टमेंटच्या पार्किंगमध्ये एका रविवारी चार रंगांच्या चार मोठ्या बादल्या येऊन बसल्या आणि त्या दिवसापासून माझं डोकं ठिकाणावर राहिलं नाही. हिरवी, निळी, लाल आणि काळी. वर भिंतीला एक तक्ता चिकटवला होता. त्यात केळीची साल कुठे, पुठ्ठा कुठे, सुई-ब्लेड कुठे, फुटकी ट्यूबलाइट कुठे, अशी चित्रं होती. चित्रं होती तोवर ठीक, पण माझ्या घरातल्या निम्म्या वस्तूंचं चित्रच नव्हतं.

मोडकी छत्री कशात टाकायची? कापड आहे, लोखंड आहे, वर प्लॅस्टिकची मूठ. नारळाची करवंटी? ती झाडाची, म्हणून हिरव्यात टाकली, तर कचरा उचलणाऱ्या बाईंनी ती निळ्यात नेऊन ठेवली. मी सेक्रेटरींना विचारलं. ते म्हणाले, "भाऊसाहेब, तुम्ही लय विचार करता." हे उत्तर झालं का? आयुष्यभर शाळेच्या ऑफिसात कारकुनी केलेल्या माणसाला कोणता कागद कोणत्या फायलीत हे कळलं नाही, तर जेवण जात नाही. मी तक्त्याचा फोटो काढला, घरी स्वयंपाकघराच्या दाराला लावला आणि बायकोला म्हणालो, आता आपल्या घरातून एक काडीही चुकीच्या बादलीत जाणार नाही. ती "हो" म्हणाली आणि भाजी निवडत राहिली.

तक्त्यावर खाली बारीक अक्षरात एक ओळ होती: बाटल्या धुऊन, कागदी लेबल काढून टाकाव्यात. ती ओळ बहुतेक कुणी वाचली नसावी. मी वाचली. सॉसची बाटली असो की तेलाचा डबा, मी गरम पाण्यात भिजवून, नखाने खरवडून लेबल काढायचो. बाटली-डबा निळ्यात, लेबलाचा चिखल हिरव्यात. खरं सांगायचं तर मला या कामाचा थोडा गर्व झाला होता. सकाळी आठला कचरा वेगळा करायला बसणाऱ्या बाई मला बघून म्हणायच्या, "काकाजी, साऱ्या बिल्डिंगीत तुमचाच कचरा साफ." मी मान हलवून पुढे जायचो, पण दिवसभर बरं वाटायचं.

राळेगावकडे आमची पाच एकर आहे, कापूस आणि मधे तूर. नोकरी होती तेव्हाही सुटीच्या दिवशी मीच पाठीवर पंप घेऊन फवारणी केली, अशी तीसेक वर्षं. आता माणूस लावतो, पण फवारणीच्या दिवशी एसटीने जातो आणि उभा राहतो. कीटकनाशकाच्या रिकाम्या बाटल्या मी शेतात ठेवत नाही. पूर्वी त्या बांधावर पडून असायच्या आणि निंदायला आलेल्या बायका पाण्यासाठी घेऊन जायच्या. एकदा एकीच्या हातातून मी ओढून घेतली होती. तेव्हापासून माझा नियम ठरलेला: बाटली तीनदा विसळायची, विसळलेलं पाणी पंपातच ओतायचं, आणि रिकाम्या बाटल्या पिशवीत घालून यवतमाळला आणायच्या. पूर्वी त्या माळ्यावर साठत. आता बादल्या आल्या होत्या.

पण कोणती बादली? हा प्रश्न मला दोन दिवस पुरला. लाल म्हणावी, तर लालवर सुया आणि पट्ट्यांचं चित्र. काळी म्हणावी, तर ट्यूबलाइट आणि बॅटरी. सेक्रेटरींचीही शेती आहे, त्यांना विचारलं. ते म्हणाले, "प्लॅस्टिक हाय ना? मंग निळी." गच्चीवर नळाखाली बसून मी या खेपेच्या पाचही बाटल्या पुन्हा धुतल्या. एक-एक लिटरच्या, पांढऱ्या, घट्ट झाकणाच्या. मग नेहमीप्रमाणे लेबलं काढली. चिकट फार होती. डिंकाचा डागसुद्धा राहू दिला नाही. सोमवारी सकाळी निळ्या बादलीत ठेवल्या तेव्हा त्या नव्या कोऱ्या दिसत होत्या.

पुढच्या सोमवारी बाईंनी मला जिन्याखाली थांबवलं.

"काकाजी, मांगच्या वेळेसच्या बाटल्या लय साजऱ्या होत्या. अजून असन तं बादलीत नका टाकू, मलेच द्या."

मला आधी कळेचना. कोणत्या बाटल्या? मी सॉसच्या बाटल्या डोळ्यांपुढे आणल्या. त्या तर काचेच्या.

"त्या पांढऱ्या वो, झाकनाच्या. पाचही नेल्या घरी. पान्याले, तेलाले बऱ्या."

मी तिथेच पायरीवर बसलो. बाईंना वाटलं मला चक्कर आली, त्या पाणी आणायला निघाल्या, तर मी ओरडलोच, "पानी नको!" मग कसंबसं सांगितलं की त्या फवारणीच्या बाटल्या होत्या, मी दोनदा धुतलेल्या.

त्यांना ते पटत नव्हतं, आणि माझ्याकडे दाखवायलाही काही नव्हतं.

"पन त्याइवर काहीच नव्हतं काकाजी. मले वाचता नाई येत, पन ते जहराचं लाल तिकोन समजते. तिकोन असतं तं हात कायले लावला असता?"

तिकोन मीच काढलं होतं. नखाने, गरम पाण्यात भिजवून, हिरव्या बादलीत. हे त्यांना सांगताना माझी मान वर होईना. इतकी लाज मला नोकरीत कधी वाटली नव्हती, आणि लाजेच्या वर भीती होती. मी त्यांना स्कूटरवर मागे बसवलं आणि गावाच्या कडेला त्यांची खोली आहे तिथे निघालो. रस्ता रोजचा, पण मी दोनदा चुकीच्या वळणावर वळलो. बाई मागून "डावीकडं, डावीकडं" म्हणत होत्या.

फळीवर चार बाटल्या होत्या. दोन रिकाम्या, पालथ्या घातलेल्या. एकीत दिव्याचं तेल. एकीत पाणी. ती बघून मी बाईंचा दंडच धरला.

"पेल्या काय यातलं?"

"नाई, आजच भरली. घरी आल्यावर पेनार होती."

"अन् पाचवी?"

त्यांनी तोंडावर हात ठेवला. त्यांची आई दारव्ह्याकडच्या तांड्यावर राहते. परवा ती भेटून परत गेली, तेव्हा पाचव्या बाटलीत फल्लीचं, म्हणजे शेंगदाण्याचं, तेल भरून बाईंनी सोबत दिलं होतं. परवा! दोन दिवसांच्या भाज्या, दोन दिवसांच्या वरणाच्या फोडण्या, आणि घरात किती माणसं ते विचारायची माझी हिंमत झाली नाही.

आईजवळ फोन नव्हता. बाईंनी भावाला लावला, तो उचलेना. पुन्हा लावला. तिसऱ्यांदा कुणीतरी उचलला आणि बाई त्यांच्या बोलीत बोलू लागल्या. मला त्यातला "याडी" हा एकच शब्द कळला, आई. बाकी मी त्यांच्या तोंडाकडे बघत होतो. त्या एकदम मोठ्याने बोलल्या, मग "हां, हां" करत राहिल्या, मग पदर डोळ्यांना लावला. वाईट झालं की बरं, काहीच समजेना. मी हाताने विचारत होतो, काय, काय, आणि त्या मला हातानेच थांबवत होत्या.

फोन ठेवून त्या ओट्यावर बसल्या.

"बरी हाय. सारेच बरे हायेत. तिनं यष्टीतच झाकन उघडून पाह्यलं. वास आला म्हने. तेलासकट बाहेर फेकून देली अन् घरी जाऊन माह्यावरच खवळून राह्यली, पोरीले जहराची बाटली समजली नाई म्हने."

मी हात जोडले. कुणाला, ते मलाही माहीत नाही. बाईंनी पाण्याची बाटली नालीत उलटी केली, तेलाचीसकट चारही माझ्या पिशवीत घातल्या, आणि हात धुता धुता सहज विचारल्यासारखं विचारलं.

"माह्या नाकाचं सोडा, दिवसभर कचऱ्यातच असते ते. पन काकाजी, तुम्ही दोनदा धुतल्या म्हन्ता. तुम्हाले काहून नाई आला वास?"

मी म्हणालो, चांगल्या धुतल्या होत्या, म्हणून. पण म्हातारीला तर आला होता.

घरी आल्यावर मी बाल्कनीत बसलो. एक बाटली काढली, झाकण उघडलं, नाकाशी धरली. काही नाही. श्वास ओढून बघितला. प्लॅस्टिकचासुद्धा नाही. बायको दारात आली आणि पदर नाकाला लावून तिथेच थांबली.

"लावा ते झाकन आधी."

"तुले येते वास?"

"लग्न झाल्यापासून येते," ती म्हणाली. "तुमच्या अंगाचाच हाय समजून कधी बोलले नाई."

मी दुसरी बाटली उघडली, मग तिसरी, मग तेलाची. मला कशाचाच वास येत नव्हता.