माळवदाची चाळ

गिरणीजवळ खोल्या बांधल्या की म्हातारपणी बसून खाता येईल, असं माझ्या यजमानांनी मनाशी धरलं होतं. ते गिरणीत कारकून होते. राहतं घर सावकाराकडे गहाण टाकून त्यांनी जागा घेतली, ओळीनं खोल्या उठवल्या. पत्रे परवडेनात म्हणून वर मातीचं माळवद घातलं. शेवटच्या खोलीला दार बसलं आणि त्याच वर्षी तापानं ते गेले. मागं मी, मुलगी आणि कर्ज.

लोक मला मालकीणबाई म्हणू लागले. मालकी कसली! भाडं या हातानं घ्यायचं आणि त्या हातानं द्यायचं. आधी व्याज, मग घरपट्टी, मग आडाचा दोर. आणि दर उन्हाळा सरताना माळवदावर पांढऱ्या मातीचा थर. तो चुकला की पाणी मुरून तुळया कुजल्याच. मुद्दल जिथल्या तिथं.

पुढं गिरणीतलं काम निम्म्यावर आलं. भाडेकरू बहुतेक तेलुगू बोलणारी विणकर मंडळी. भाडं थकलं. मी दिसले की माणसं मान खाली घालत. मलाही त्या बाजूला जावंसं वाटेना.

गावाकडून दीर आले. म्हणाले, "वहिनी, दयेनं व्याज फिटत न्हाय. बाहेर काढा समद्यांना."

"काढीन. पण आत कुणाला घेऊ? भाडं देणारं माणूस आज सोलापुरात आहे कुठं?"

"मग खोल्या रिकाम्या राहू द्या की."

"रिकाम्या खोलीत चूल पेटत नाही, भावजी. धूर नसला की तुळयांना वाळवी लागते. वर्षभरात नुसत्या भिंती उरतील."

ते जेवले आणि गेले.

मी आठवडाभर विचार केला आणि स्वतःच सावकाराच्या पेढीवर गेले. बायकांनी तिथं जायची रीत नव्हती. तो चपापला. "बाई, निरोप धाडायचा होता."

"माझं घर भाड्यानं द्या," मी म्हटलं. "तुमच्या ओळखीचा कापसाचा अडत्या जागा शोधतोय ना? त्याचं भाडं तुम्हीच परस्पर घ्या. पण त्यातलं थोडं मुद्दलात धरा. नुसतं व्याजात जिरवू नका."

"आणि तुम्ही राहणार कुठं?"

"चाळीत. कडेची खोली रिकामी आहे."

त्यानं हो म्हटलं.

मुलीचा हात धरून मी त्या खोलीत आले. पलीकडच्या विणकर बाईनं न विचारता चुलीला विस्तव आणून दिला. मला ती अक्का म्हणायची. उन्हाळा सरत आला तेव्हा दारात येऊन म्हणाली, "अक्का, माती आणायला पैसा हाय?"

"माती आणवीन. टाकायच्या मजुरीला नाही."

"मजुरी कशाला? भाडं ऱ्हायलंय की आमचं. आमी टाकतो."

मी बैलगाडीनं माती आणवली आणि सगळ्यांसाठी भाकरी-पिठलं केलं. बाप्ये वर चढले, बायकांनी पाट्या वर दिल्या. मीही पदर खोचून उभी राहिले. संध्याकाळी हात वर उचलवेना. ज्यानं त्यानं केलेलं काम मी त्याच्या भाड्यातून वजा केलं. त्या पावसाळ्यात एकही खोली गळली नाही. पुढं हाच पायंडा पडला.

कर्ज फिटायला फार वर्षं लागली. तोवर मुलगी लग्न होऊन मंगळवेढ्याला गेली होती. गहाणखत सोडवून आणलं तेव्हा आनंद होईल असं वाटलं होतं. पण आधी अंग टाकावंसं वाटलं. दुपारभर झोपले.

मुलगी माहेरी आली तेव्हा म्हणाली, "आई, आता तरी आपल्या घरी राहायला जा."

मी गेले होते एकदा, बघायला. अडत्यानं सोपाभर कापसानं ठासलेले बोद रचलेले. खोल्या मला उगाच मोठ्या वाटल्या.

"एवढं झाडणार कोण?" मी म्हटलं. "भाडं येतंय, येऊ दे."

तिला ते पटलं नाही. मीही समजावत बसले नाही.