छपराच्या पत्रातलं एक वाक्य

आमचे अप्पा दुसऱ्यांच्या चुकांभोवती लाल पेन्सिलीनं गोल काढत जगले. राजवाड्याच्या मागच्या गल्लीत आमचं घर आणि घराच्या मागच्या कूडमात त्यांचं टायपिंगचं इन्स्टिट्यूट. कूडम म्हणजे घरातली सगळ्यांत मोठी खोली. आम्ही तंजावरचे मराठी लोकही तिला कूडमच म्हणतो. तिथे सकाळ-संध्याकाळ नऊ मशीनं खडखडायची. रात्री आठ वाजले की बाकं भिंतीला लागायची आणि त्याच फरशीवर आमची अंथरुणं पडायची. हे घर का दुकान, असं कुणी विचारलं असतं तर आईनं त्याला उभा सोलला असता. "दिसत नाही का? इथंच जेवतों, इथंच निजतों."

पुढची बाजू गच्चीची करायला अप्पांनी बँकेचं कर्ज काढलं होतं आणि कर्जामागोमाग घराचा विमा घ्यावाच लागला. आईला तो प्रकार मुळीच आवडला नाही. "घर काय मरायला टेकलंय, विमा काढायला?" अप्पा हसले. विम्याच्या कागदावर राहतं घर असं लिहिलं होतं, पुढे गच्ची, मागे कौलारू. तो कागद त्यांनी पंचांगाबरोबर देवघराच्या फळीवर ठेवला.

दिवाळी होऊन पंधरा-वीस दिवस झाले असतील. चक्रीवादळ येणार असं रेडिओ सांगत होता, पण रेडिओ दरवर्षीच सांगतो. दुपारी जेवणं उरकतात न उरकतात तोच वारा सुटला. शेजारच्या परसातला नारळ सबंधच्या सबंध आमच्या मागच्या छपरावर आडवा झाला. आढं मोडलं, वासे मोडले, कौलं तर पत्त्यांसारखी उडाली. इन्स्टिट्यूटचा बोर्ड कुठे गेला तो शेवटपर्यंत सापडला नाही. तासाभरानं आम्ही मागचं दार उघडलं तर कूडमात पाऊस पडत होता आणि अप्पा धोतर खोचून मशीनांवर आईच्या नव्या सतरंज्या टाकत होते. आई ओरडली नाही. तिनं तिसरी सतरंजी आणून दिली.

वाऱ्यानं मोडतोड होणं आम्हाला नवीन नव्हतं. पण या खेपेला वेळ वाईट होती. फेब्रुवारीत सरकारी परीक्षा आणि अप्पांकडे बावीस मुलं-मुली नावं घालून बसलेली. वर्ग बंद राहिले तर ती दुसरीकडे जाणार आणि एकदा गेलेली परत कशाला येतील? त्यातच जुन्या बसस्टँडजवळ कंप्युटर सेंटर उघडलं होतं. काचेचं दार, आत थंडगार, चपला बाहेर काढायच्या, जसं काही देऊळच. टायपिंगला आता कोण येतं, असं लोक अप्पांच्या तोंडावर बोलायला लागले होते. अप्पांना दुसरं काही येत नव्हतं. ते छप्पर पोंगलच्या, म्हणजे संक्रांतीच्या आत बसलं तर इन्स्टिट्यूट जगणार, नाही तर नाही, इतकं ते सरळ होतं. आमच्या हातात होता फक्त तो देवघरातला कागद.

विम्याचा सर्वेयर नवव्या दिवशी त्रिचीहून बसनं आला. पोट सुटलेला, घामेजलेला, गळ्यात कॅमेरा. बिचारा भला माणूस होता. त्यानं मोडलेल्या आढ्याचे, नारळाच्या बुंध्याचे फोटो काढले. मग एका मशीनवरची सतरंजी बाजूला करून दोन बोटांनी काही अक्षरं दाबून बघितली. "मीही असाच शिकलो सर," तो तमिळमध्ये म्हणाला, "अशाच एका कूडमात." आई कॉफीला साखर जास्तच घालते, त्या दिवशी तिनं आणखी घातली. जाताना ओट्यावर चपला घालता घालता तो अप्पांना हळूच म्हणाला, "एक साधं पत्र पाठवा. घराचं लिहा. बाकी काही लिहू नका. मला घर दिसलं, मी घर लिहितो." अप्पांनी मान हलवली. मी कॉफीचे टंबलर उचलत होते. मी ऐकलं. या कानानं ऐकलं आणि त्या कानानं सोडून दिलं.

मी तेव्हा एकोणीस वर्षांची, कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला. इंग्रजी निबंधात पहिली आलेली, त्यामुळे शिंगं फुटलेली. अप्पांची सगळी पत्रं मीच टाइप करायची. दुसऱ्या दिवशी पुढच्या खोलीत त्यातल्या त्यात कोरडं मशीन घेऊन बसलो आणि अप्पांनी चार ओळी सांगितल्या. अमुक दिवशीच्या वादळात शेजारचं झाड पडून आमच्या राहत्या घराच्या मागच्या खोलीचं कौलारू छप्पर पूर्ण नष्ट झालं आहे, आपल्या सर्वेयरनी पाहणी केली आहे, तरी भरपाई मंजूर व्हावी. झालं. एवढं सांगून ते आंघोळीला गेले.

मी ते वाचलं आणि मला कसंसंच झालं. काय हे पत्र! वाळलेल्या काटकीसारखं. आमची वाताहत झाली होती, अप्पा पहाटे उठून एकेक किल्ली रॉकेलच्या फडक्यानं पुसत होते आणि पत्रात त्याचा मागमूसही नाही? वाचणाऱ्याला पाझर कसा फुटणार? मी शहाणीनं शेवटी एक वाक्य घातलं. इंग्रजीतच, पण त्याचा अर्थ असा: आमची नऊ टंकयंत्रं उघड्या आभाळाखाली पडली आहेत, बावीस विद्यार्थ्यांची परीक्षा तोंडावर आली आहे आणि या वर्गांवरच आमच्या कुटुंबाचं पोट आहे. वाक्य झकास जमलं होतं. खोटं कशाला बोलू, मला माझाच अभिमान वाटला.

अप्पा ओल्या केसांनी आले, पेन घेतलं आणि सही केली. वाचलं नाही. बाकी पोरांचा कागद ते डोळ्यांना लावून तपासायचे, एक स्पेस जास्त पडली तरी लाल गोल. माझा कागद कधीच नाही. "माझ्या पोरीचं टायपिंग तपासायचं नसतं," असं सगळ्या वर्गासमोर म्हणायचे.

पत्र गेलं आणि आम्ही वाट बघत बसलो. छपराच्या जागी झावळ्यांचे झाप टाकले, ते गळत होते. मार्गळी महिन्याच्या थंडीत दहिवर पडायचं, मशीनांची अक्षरं गंजून अडकायची. अप्पा तेल घालायचे, पुसायचे, परत गंज. वर्ग त्यांनी तशाही स्थितीत सुरू केले. आधी पाच मुलं गेली, मग आणखी सात. एका मुलीचे वडील येऊन म्हणाले, "सर, राग मानू नका, परीक्षेचं वर्ष आहे." अप्पा म्हणाले, "बरोबर आहे तुमचं." आई पातेली मांडून पाणी झेलायची आणि पुटपुटायची, "आभाळच फाटलंय, ठिगळ कुठं कुठं लावणार." मला मात्र खात्री होती. माझं वाक्य कुणीतरी वाचलं असेल, त्याला वाईट वाटलं असेल आणि पत्र येईल.

पत्र आलं, पोंगल झाल्यावर. अप्पा ओट्यावर उभं राहूनच वाचायला लागले, आईसाठी मराठीत अर्थ सांगत. आपला दावा विचारात घेतला. आपली पॉलिसी केवळ राहत्या घरासाठी आहे. आपण स्वतःच आपल्या पत्रात कळवल्याप्रमाणे... आणि पुढे माझं वाक्य होतं. अख्खं, स्वल्पविरामासकट. नऊ टंकयंत्रं, बावीस विद्यार्थी, पोट. जागेचा वापर व्यवसायासाठी होत असल्यानं दावा मंजूर करता येत नाही.

अप्पा थांबले. ते वाक्य त्यांनी सांगितलेलं नव्हतं, हे त्यांना त्याच क्षणी कळलं असणार. ते परत एकदा मनात वाचत होते, ओठ हलत होते. आई म्हणाली, "म्हणजे काय? असं कशाला लिहिलं तुम्ही?"

अप्पांनी माझ्याकडे बघितलंही नाही. कागदाची घडी घालत म्हणाले, "लिहिलों. मला वाटलं, वाचून दया येईल त्यांना."

"दया!" आई कडाडली. "अति शहाणा त्याचा बैल रिकामा! तो भला माणूस सांगून गेला होता ना, घराचं तेवढं लिहा म्हणून? अस्कं घालवलं तुम्ही. अस्कं." अस्कं म्हणजे सगळं.

मी बोलायला हवं होतं. तिथंच, त्या ओट्यावर. तोंड उघडलं नाही. देवा, काय झालं होतं माझ्या जिभेला?

अप्पांनी विमा कंपनीच्या मद्रासच्या ऑफिसला अर्ज केला, त्रिचीला दोन हेलपाटे घातले. दुसऱ्या खेपेला मी बरोबर होते. सर्वेयरनं कपाळाला हात लावला. "मी सांगितलं होतं ना सर." "चूक माझी," अप्पा म्हणाले. परतीच्या बसमध्ये मी सगळा धीर गोळा करून म्हटलं, "अप्पा, ते वाक्य..." ते खिडकीबाहेर बघत होते. "वाक्य चांगलं होतं," म्हणाले. "इंग्रजी चांगलं होतं."

फेब्रुवारीच्या परीक्षेला त्यांची तीनच मुलं बसली. उन्हाळ्यात भंगारवाला आला आणि नऊ मशीनं तराजूत घालून घेऊन गेला. अप्पा ते बघायला थांबले नाहीत, देवळात जाऊन बसले. मागच्या अर्ध्या भागावर पुढे कधीतरी सिमेंटचे पत्रे पडले, उरलेला अर्धा उघडाच राहिला. अप्पा पापनाशमच्या एका भातगिरणीत पावत्या लिहायला लागले, हातानं. रोज बसनं जायचे-यायचे. अकरा वर्षं. घरात लाल पेन्सिल पुन्हा दिसली नाही.

ते गेल्यावर त्यांची फाइल मी आवरली. त्या पत्राची कार्बन प्रत जपून ठेवलेली होती. मी वाक्याभोवती लाल गोल शोधला. कुठेच नव्हता. ओळींच्या आजूबाजूला कोरा कागद, खाली त्यांची सही. मी तो कागद उरापाशी धरून जनावरासारखी रडले आणि आई धावत आली तेव्हा म्हटलं, "काही नाही, आठवण आली."

आई आता माझ्याकडे असते. कान गेले, गुडघे गेले, पण ती गोष्ट गेली नाही. पाहुणे जेवायला बसले की निघतेच. "माणूस हुशार हो, पण एक वाक्य जास्त लिहिलं आणि अस्कं घालवलं." पाहुणे हसतात, कुणी हळहळतात. कालही सांगितली. मी पंगतीत ताक वाढत होते. तिचं बोलणं संपेपर्यंत थांबले आणि तिला विचारलं, आणखी भात घालू का.