नारळावर हात नसलेलं मत

मतदानाचं वय एकवीसचं अठरा झालं तेव्हा कॉलेजातले सर वर्गात म्हणाले, "आता देश तुमच्या हातात." मी मागच्या बाकावर डुलक्या काढत होते. माझ्या हातात पहाटेपासून हंडा होता. देश धरायला हात रिकामा कुठे होता?

आमचं गाव भिवंडीजवळ, दिघाशीच्या अंगाला. नळाची लाईन देवळापर्यंत येऊन थांबलेली. आम्ही खालच्या आळीतले, आम्हाला गावाबाहेरची विहीर. आईची कंबर गेली तेव्हापासून पाणी माझ्याकडे. खेपा टाकायच्या, भाकरी बांधायची आणि धावतपळत भिवंडीची एस्टी धरायची. उन्हाळ्यात विहीर तळाला जायची, वाटीवाटीनं पाणी भरावं लागायचं. मग एस्टी कुठली नि कॉलेज कुठलं! बाबा भिवंडीत सायझिंगमध्ये रात्रपाळीला होता, म्हणजे लूमवर चढायच्या आधी सुताला खळ लावतात तिथे. सकाळी घरी आला की आडवा व्हायचा. त्या वर्षी थंडीतच त्यानं सांगून टाकलं, "शिमग्यापर्यंत नळ आला तर बरं. न्हायतर कॉलेज बंद. उन्हाळाभर पाणी तुलाच बघायला लागल." रागावून नव्हता बोलला. थकून बोलला, म्हणून मला उलट बोलता आलं नाही.

त्यातच ग्रामपंचायतीची निवडणूक लागली. आळीतली एक काकी उभी राहिली. नवरा वारलेला, तोंडाची फटकळ. दारोदार सांगत फिरली, "लाईन खाली न्हाय आणली तर माझ्या दारात हंडे आपटा." तिच्यासमोर गावकीचा माणूस. त्याच्या अंगणात नळ होता, त्याला कसली घाई!

गावकीची रीत ठरलेली. मतदानाआधी देवळात बसायचं, नाव पक्कं करायचं आणि प्रत्येक घराच्या कर्त्यानं देवापुढच्या नारळावर हात ठेवून घरची सगळी मतं कबूल करायची. नारळावरचा शब्द फिरवायचा नाही. त्या बैठकीत बायकांना जागा नाही, बिनलग्नाच्या पोरांनाही नाही. एकवीसच्या काळात पोरांचं खपून जायचं, कारण आमच्याकडे मत मिळेपर्यंत माणूस लग्न होऊन कर्ता झालेला असायचा आणि पोरी तर केव्हाच सासरी. आता घराघरांत बिनलग्नाची मतं झाली, हे गावकीतल्या म्हाताऱ्यांच्या डोक्यातच आलं नाही. त्यांनी आम्हाला न विचारता घरच्या मतांत धरून टाकलं.

बाबा देवळातून आला नि म्हणाला, "तीन मतं कबूल केली."

"तिसरं कुणाचं?"

"तुझं. अजून कुणाचं?"

"मी कुठे नारळाला हात लावला?"

"मी लावला ना!"

"मग तुझं तू दे, बाबा."

आई चुलीपाशी बसली होती. कंबर धरून हसली आणि म्हणाली, "माझं तरी कधी विचारलंस?" बाबानं तोंडावर गोधडी ओढून घेतली.

मी काकीच्या चिन्हावर शिक्का मारला. खोटं कशाला सांगू? देवाची भीती होतीच. पण देवाच्या दारात नळ होता, त्याला आमची अडचण काय कळणार, असं मनाला समजावून बाहेर आले.

काकी पडली. तेव्हापासून किती निवडणुका पाहिल्या! बोटाला शाई लागते, ती जाते, पुन्हा लागते. आता कुणी दारात येऊन हात जोडले की मला आधी जांभई येते. खालच्या आळीत नळ आला तो माझं लग्न होऊन गेल्यावर, आणि तोही सगळ्यांनी आपलंच काम म्हणून सांगितला.

पण काकी पडली तरी तिच्या घरची सोडून वर मूठभर मतं तिला पडली होती. गावकी भडकली. सगळ्या कर्त्यांना देवळात बोलावलं. मी भिंतीआड उभी राहून ऐकत होते. एकेक जण गळ्याला हात लावून सांगत होता, "आमच्या घरातलं न्हाय." बाबाची पाळी आली. तो म्हणाला, "माझ्या घरातलं फुटलं. माझं नि बायकोचं दिलं. पोरीचं माझ्या हातात नव्हतं."

"पोरीला शिंगं फुटलीत," गावकीचा म्होरक्या ओरडला. "कॉलेज बंद कर तिचं!"

बाबा म्हणाला, "बरं."

एवढंच! नळ नाही, कॉलेज नाही, आणि गावात तोंड दाखवायची सोय नाही. कशाला तो शिक्का मारला असं झालं. संध्याकाळी बाबा माझ्याकडे न बघता ड्युटीला गेला.

दुसऱ्या दिवशी मी पहाटे उठलेच नाही. एस्टी धरायची नव्हती, मग कशाला मरमर करायची? आईनं दोनदा हाक मारली, मी कूस बदलली. उजाडल्यावर दारात हंडा टेकल्याचा आवाज आला. बाहेर येऊन बघते तर बाबा. थेट पाळीवरून विहिरीवर गेलेला. सदरा खांद्यापासून भिजलेला, केसांत अजून खळ वाळलेली. आमच्याकडे पुरुष पाणी भरत नाहीत. समोरच्या दारांत बायका पदर तोंडाला लावून उभ्या होत्या.

"बघते काय?" तो म्हणाला. "एस्टी जाईल."

माझं तोंड गप्प बसेना. "देवळात तर बरं म्हणालास!"

"म्हणालो," बाबा म्हणाला, आणि रिकामी कळशी उचलून पुन्हा विहिरीच्या वाटेला लागला. "तेव्हा कुठे नारळावर हात होता माझा?"