रडून लावायची फळी

फुला शेवटचं बोलली ते दवाखान्यात. "माझी फळी लावायला सांगा तिकडं. रडून लावा म्हणावं, रागानं नको." मला वाटलं, तापात बरळते. बरं, सांगतो म्हटलं. दुपारी गेली...

माझी बायको कोरकू, आदिवासी. माहेर धूलकोटच्या पुढं, डोंगरात. केळी कापायला मजूर यायचे, त्यांत ती होती. आवडली, केलं लग्न. मी चौथी शिकलेला, सजवून लिहिता येत नाही. काम करता करता ती तिच्या बोलीत गाणं म्हणायची. मी विचारायचो, काय म्हणतेस? "तुम्हाला शिव्या देते. गोड लागतात का?" म्हणायची आणि स्वतःच हसत सुटायची.

ती गेली तेव्हा लोधीपुऱ्यातल्या आमच्या गल्लीत सगळ्या बाया दारात उभ्या राहिल्या, पुढं कोणी येईना. भावजय म्हणाली, "त्यांच्यात कसं करतात, आम्हाला काय माहीत, भाऊजी?" अगं, जन्म गेला तिचा तुमच्यात! मग मीच आंघोळ घातली तिला, मीच लुगडं नेसवलं. नीट नेसवता पण नाही आलं...

तिच्या लोकांत माणूस गेलं की सागाच्या फळीवर चंद्र-सूर्य कोरतात आणि गावाबाहेर झाडाखाली रोवतात. सिडोली म्हणतात त्याला. ती झाली की माणूस आपल्या वाडवडलांत जाऊन बसतं. नाही झाली तर भटकत राहतं. ती हेच मागत होती, म्हणून महिन्याभरानं मी तिच्या भावाकडं, सोमाकडं गेलो.

तो म्हणाला, "दाजी, बाईची फळी तर आहे." बहिणीला तो बाई म्हणायचा.

"कुठं आहे?"

झाडाखाली घेऊन गेला. एका कडेला कलंडलेली फळी, वाळवीनं खाल्लेली, चंद्र अर्धाच उरलेला. "तुमचं लग्न झालं तेव्हा बापानं लावली. माझी पोर मेली म्हणाला. लोकांनी हात धरले त्याचे, जित्या माणसाची कोणी लावतं का? ऐकलं नाही."

"तिला माहीत होतं?"

"बाप वारला तेव्हा आली होती ना, पाहून गेली. मला म्हणाली, दाजींना सांगू नको, उगीच जेवायचे नाहीत."

 मग म्हटलं, "आता दुसरी लाव, सोमा. तिनं तेच सांगितलंय."

"पंच नाही म्हणतात. एका माणसाची दोनदा होत नाही, दाजी."

"अरे, पहिली तिची होतीच कुठं? ती तर माझ्याकडं भाकऱ्या थापत होती!"

सोमा माझ्याहून लहान आहे, तरी पाया पडलो त्याच्या. नाही झालं.

आता ती आमची नाही आणि त्यांचीही नाही. मग आहे कुठं? कोणाला विचारू?

घराच्या दाराबाहेर कोनाड्यात तिचा लोटा आहे. आई होती तोवर घरातल्या माठाला हात लावायची तिला मनाई होती. आई गेली, घरात दोघंच उरलो, हजारदा सांगितलं, आतलं पाणी घे. तरी बाहेर जाऊनच प्यायची. सवय झाली म्हणायची. परवा तो लोटा मी आत आणला, माठाशेजारी ठेवला. पण चैन पडेना. पुन्हा भरून बाहेर ठेवला... तहान लागली तरी आत यायची नाही ती.