वाकड्या पात्याचा चाकू

कर्जतच्या बाजारात घडीचे चाकू विकणाऱ्या मावशी प्रत्येक गिऱ्हाइकाला आधी बांबूची कामटी तासायला लावतात आणि चाकूऐवजी त्याच्या हाताकडे बघत राहतात. मी नेहमी सरळ पात्याचा घेतो. या वेळी कोयतीसारख्या वाकड्या पात्याचा, स्वस्तातला उचलला.

"ह्ये नवीन खूळ कुठलं रं?"

"कोंडाणे गावात ऱ्हाणारा माझा भाऊ असलाच वापरतो. जमिनीच्या वादावरनं आमचं बोलणं बंद हाय."

मी भावासारखाच अंगठा टेकवून तासत राहिलो. कामटी संपत आली तरी थांबवेना. मावशींनी चाकू काढून घेतला आणि मिटला.

"तुला नाय इकायचा ह्यो. त्याच्याकडं हाय ना? जाऊन माग त्याला."

पलीकडे कोंडाण्याची रिक्षा भरत होती.

"बसताय का?" रिक्षावाल्याने विचारलं.

"जागा ठेव," म्हणालो, पण मावशींच्या दुकानापुढंच उभा राहिलो.